पन्नीचं तळं

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की अमरावतीत आमच्या पोहण्याच्या तलावावर उजाडायच्या आत गर्दी होते, आणि त्याच दिवसापासून माझं डोकं फिरायला लागतं. मुलांमुळे नाही. मुलं पाणी बघून खूश असतात, आरडाओरडा करतात, पण दोनदा सांगितलं की ऐकतात. डोकं फिरवतात ते त्यांचे आईबाप.

"मॅडम, एका महिन्यात पूर्ण येऊन जाईल ना?" हा ठरलेला पहिला प्रश्न. पूर्ण म्हणजे काय, असं विचारलं की समोरचा माणूस गोंधळतो. पोरगं अजून पायरीवरून खाली उतरायला तयार नसतं, शिक्षकाच्या गळ्याला मिठी मारून बसलेलं असतं, आणि बापाला स्पर्धेच्या तारखा हव्या असतात.

मी पहिला आठवडा पोहणं शिकवतच नाही. काठावर बसून पाय पाण्यात सोडायचे, तोंड बुडवून बुडबुडे काढायचे, भिंत धरून चालायचं, उताणं होऊन तरंगायचं. पाण्यात पडलं तर वळून भिंत कशी गाठायची आणि कोपरं टेकवून बाहेर कसं यायचं, हे पुन्हा पुन्हा करून घेते. मोठ्या माणसाला सांगितल्याशिवाय पाण्याजवळ जायचं नाही, आणि कोणी बुडत असलं तर आपण उडी मारायची नाही, ओरडायचं आणि हाताला लागेल ते त्याच्याकडे फेकायचं, हे त्यांच्याकडून रोज वदवून घेते. मुलांना हा खेळ वाटतो. आईबापांना फसवणूक वाटते.

अकोल्याहून बदली होऊन आलेले एक गृहस्थ होते. आठवडा संपला तसे ते माझ्याकडे आले. "मॅडम, पोरगी रोज नुसते बुडबुडे काढून राहिली. बुडबुडे तं ती घरी बादलीतही काढते."

"बादलीतही मुलं बुडतात," मी म्हणाले.

त्यांना ते लागलं. त्यांनी कार्यालयात जाऊन माझी तक्रार केली की मॅडम अपशकुनी बोलतात. मला बोलावून घेतलं गेलं, आणि पालकांशी गोड बोलत जा, असं समजावून सांगण्यात आलं. मी हो म्हणाले. बाहेर आले तर तेच गृहस्थ गॅलरीत बसून मोबाइल बघत होते आणि त्यांची पोरगी ओल्या फरशीवरून खोल पाण्याच्या बाजूला पळत चालली होती. मी शिट्टी वाजवली तेव्हा त्यांनी मान वर केली. ती शिट्टी कुणासाठी होती, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

हे सगळं मी सहन करते, कारण ते परके असतात. खरा वैताग घरातून आला.

माझा धाकटा भाऊ मोर्शीजवळ आमच्या गावी संत्र्याची बाग बघतो. त्याची मुलगी नुकतीच पाचवीत गेली होती. त्या उन्हाळ्यात तिला त्याने माझ्याकडे महिनाभर राहायला पाठवलं. "तिले पोहणं शिकव," एवढंच फोनवर म्हणाला. मला आनंद झाला. आमच्या घरात मुलींनी पाण्यात उतरायची रीत नव्हती. भावाला बाबांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत शिकवलं, आणि मी वर काठावर कपडे सांभाळत बसायची. मी पाण्यात उतरले ती थेट शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला अमरावतीत आल्यावर, कॉलेजच्या वयात, माझ्याहून निम्म्या वयाच्या मुलांबरोबर. त्यामुळे भाचीला शिकवताना मला वेगळाच हुरूप होता.

पोरगी हुशार निघाली. भीती नव्हती, आणि ऐकायची. महिन्याअखेरीस ती तलावाची रुंदी न थांबता पार करू लागली. जाताना तिने माझ्या गळ्यात हात टाकून विचारलं, "आत्या, मी चांगली पोहते ना?" मी म्हणाले, चांगली पोहतेस. खरंच पोहत होती.

ती गेल्यावर थोड्याच दिवसांत, शनिवारी दुपारी, दोन तुकड्यांच्या मधल्या वेळेत मी डबा खात बसले होते. घरच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. भावानेच टाकलेला. मी डाळ-भाताचा घास हातात धरून तो लावला.

आमच्या शेतातलं शेततळं होतं. चहूबाजूंनी मातीचा बांध, आत काळी पन्नी, म्हणजे जाड प्लास्टिकचा कागद, अंथरलेली, आणि पाणी भरलेलं, कारण त्या दिवसांत झाडांवर संत्री धरलेली असतात आणि ठिबकला पाणी लागतं. तळ्याच्या मधोमध भाची पोहत होती. भावाचा आवाज येत होता, "अजून एक चक्कर मार. शाबास. पाह्य, कशी मासोळीवाणी जाऊन राहिली माही पोरगी." मोबाइल त्याच्याच हातात होता. बांधावर दुसरं कोणी नव्हतं. दोर नव्हता, ट्यूब नव्हती, काही नव्हतं.

खाली अंगठ्यांची रांग लागली होती. कोणी लिहिलं होतं, आत्याचं नाव काढलं. घास तसाच डब्यात ठेवून मी भावाला फोन लावला.

"पोरगी कुठं आहे?"

"घरी हाय. आंबा खाऊन राहिली. पाह्यला का व्हिडिओ?"

"ती बाहेर कशी निघाली?"

"मोटारीचा पाइप सोडला ना मी खाली. थो धरून आली वर. काहून?"

"आणि पाइप नसता तर?"

"पण होता ना, ताई. तू बी काहीच्या काही बोलतं. तुनंच तं शिकवलं तिले."

मी फोन ठेवला. बोलले असते तर शेजारच्या खोलीतल्या कार्यालयाने मला पुन्हा गोड बोलण्याचा सल्ला दिला असता.

ज्यांनी शेततळं बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. त्याच्या बाजू विहिरीसारख्या सरळ नसतात, उतरत्या असतात. बघणाऱ्याला वाटतं की उतार आहे, चालत वर येता येईल. पण त्या उतारावर गुळगुळीत पन्नी असते आणि पाण्याखालच्या भागावर शेवाळ धरलेलं असतं. पाय ठेवला की सरकतो. पोहता न येणारा माणूस बुडतो हे सगळ्यांना कळतं. पोहता येणारा माणूस काठापासून हातभर अंतरावर दमून बुडतो, हे कोणालाच पटत नाही. तळं केलं तेव्हापासून मी भावाला सांगत होते, कुंपण घाल, दोर बांधून ठेव. दर वेळी तो म्हणायचा, होऊन जाईल.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळची तुकडी संपवून मी एसटीने मोर्शीला गेले आणि तिथून ऑटोने गावी. कोणाला कळवलं नव्हतं. घरी पोचले तर भावजय भाजी निवडत होती, बाबा ओसरीत खाटेवर पडलेले. भाची धावत आली. मी तिला जवळ घेतलं आणि भावाला म्हणाले, "चल तळ्यावर. आणि चांगला मजबूत दोर घे."

"आता? जेवण तं कर आधी. ऊन किती हाय."

"आता."

सगळेच निघाले. भावजयीने भाजी तशीच ठेवली. बाबाही काठी घेऊन मागून आले. शेत घराला लागूनच आहे.

बांधाजवळ ट्रॅक्टर उभा होता. दोराचं एक टोक मी ट्रॅक्टरच्या मागच्या हुकाला बांधलं, दुसरं माझ्या कमरेला. अमरावतीहून निघतानाच सलवार-कुर्त्याखाली पोहण्याचे कपडे घातले होते, पण मी कुर्ता काढला नाही. तळ्यात पडणारा माणूस कपड्यांसकटच पडतो.

"हे काय करून राहिली तू?" भाऊ म्हणाला.

"मी पाण्यात जाते. आणि दोराला हात न लावता बाहेर येऊन दाखवते. मला जमलं तर मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही."

तो हसला. "तू तं मास्तर हायेस पोहण्याची. तुले कायले जमणार नाई?"

खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं की मी थोडी धडपड करीन, त्यांना घाबरवीन आणि शेवटी कशीबशी वर येईन. मी पन्नीवर बसले आणि घसरत आत गेले. वरचं पाणी कोमट होतं, खाली पाय गेले तिथे गार. तळाला पाय लागत नव्हते. मी एक फेरी मारली. भाची बांधावरून टाळ्या वाजवत होती.

मग मी काठाकडे वळले. दोन्ही हात पन्नीवर ठेवले, गुडघा टेकला आणि अंग वर उचललं. गुडघा सरकला, मी हनुवटीपर्यंत पाण्यात. पुन्हा केलं. पुन्हा तेच. जोरात पाय मारून पाण्याबाहेर झेप घेतली, तर हात वरच्या कोरड्या पन्नीवर पडले. ती तव्यासारखी तापलेली होती. मी हात झटकन मागे घेतले आणि परत खाली घसरले. हे माझ्या हिशेबात नव्हतं. तलावावर शिकवलेलं कोपर टेकवणं इथे निरुपयोगी होतं, कारण कोपर टेकायला काठच नव्हता.

कोपऱ्यात पन्नीला घड्या असतात. तिथे पकड मिळेल म्हणून मी तिकडे गेले. घड्यांमध्ये शेवाळ साचून त्या आणखीच बुळबुळीत झाल्या होत्या. ओला कुर्ता पाठीला ओढत होता. मी नखं रोवायचा प्रयत्न केला. श्वास लागायला लागला होता.

"ताई, नाटक नको करू," भाऊ वरून म्हणाला. पण तो आता हसत नव्हता.

उत्तर द्यायला दम नव्हता. पुन्हा एक झेप घेतली आणि उजव्या पोटरीत पेटका आला. पाय दगडासारखा झाला. एका क्षणात मला इतकी भीती वाटली की कमरेला दोर आहे हेही मी विसरले. इतकी वर्षं मी हजारदा लोकांना सांगितलं होतं की पेटका आला तर उताणं व्हा, शांत राहा. मी उताणी झाले, पण शांत नव्हते. वर पांढरं आकाश आणि कडेला माझी भाची दिसत होती, तिच्या टाळ्या थांबल्या होत्या.

"ओढा तिले," भावजय ओरडली. "पाहत काय राहिले, ओढा."

भावाने दोर धरला आणि ओढला. मी पन्नीवरून पोटावर घासत वर आले. हातापोटाला चटके बसले, एक गुडघा सोलला. बांधावर आल्यावर मी बराच वेळ तशीच मातीत पडून राहिले. भावजयीने पदराने माझं तोंड पुसलं.

मग बाबा म्हणाले, "आपल्या विहिरीले पायऱ्या हायेत. मी पोट्ट्याले पाण्यात टाकलं तं त्याले पायरी धराले सांगतली होती." ते भावाकडे बघत नव्हते, तळ्याकडे बघत होते. "याले काहीच नाई धराले."

भाऊ मान खाली घालून दोर गुंडाळत होता. "करतो मी कुंपण," एवढंच म्हणाला.

सगळ्यात अवघड भाग दुपारी आला. भाची माझ्याशी बोलेना. जेवायलाही शेजारी बसली नाही. मी तिला शोधत मागच्या अंगणात गेले तर ती धुण्याच्या दगडावर बसली होती.

"मले तं येते पोहता," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तूच म्हणाली होती."

"येतं. पण तिथून निघता येतं का?"

"पाइप धरून आली होती मी."

"पाइप कोणी सोडला?"

"बाबांनी."

"बाबा घरी नसताना तू मैत्रिणींना घेऊन गेलीस, तर?"

तिला रडू आलं. मला वाटलं, घाबरली असेल. पण ती म्हणाली, "तू तिथं मरून गेली असती तं?" मी तिला पोटाशी धरलं. माझ्या तळहातांची आग होत होती. तळ्यात पुन्हा उतरणार नाही, असं तिने स्वतःहूनच कबूल केलं. पण मला तिचा तो पोहण्यातला आनंद काढून घेतल्यासारखं वाटलं, आणि तो राग मी संध्याकाळच्या एसटीत बसल्यावर मनातल्या मनात भावावरच काढला.

आता कोणाला वाटेल की दुसऱ्या दिवशी कुंपण उभं राहिलं. नाही राहिलं. माझा भाऊ वाईट नाही, पण त्याचं काम असं आहे. मी फोन केला की म्हणायचा, "होऊन राहिलं." काय होऊन राहिलं? जाळी बघून राहिलो. मग खांब बघून राहिलो. मग खांब आले, तर खड्डे खोदणारा माणूस लग्नाला गेलेला. पुन्हा फोन केला तर, "ताई, पोट्टी आता जातच नाई तिकडे, तुनं असं भेव घातलं तिले." म्हणजे मी घातलेली भीती हेच त्याने कुंपण धरलं होतं. मी त्याला फोनवर इतकं बोलले की त्याने चार दिवस माझे फोन उचलले नाहीत.

शेवटी मी भावजयीला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "ताई, तुमी नका फोन करू त्याईले. मी पाहतो."

आमच्या वऱ्हाडात बायाही 'मी पाहतो' म्हणतात, आणि ती म्हणाली म्हणजे काम होणार. तिने गोठ्यामागे पडलेले ट्रॅक्टरचे आणि मोटारसायकलचे जुने टायर काढले. एकाखाली एक दोराने बांधून त्यांच्या माळा केल्या आणि तळ्याच्या चारही बाजूंना खाली पाण्यापर्यंत सोडल्या, वरची टोकं लोखंडी खुंट्यांना बांधून. टायरमध्ये पाय घालून माणूस शिडीसारखा वर येऊ शकतो. रिकाम्या प्लास्टिकच्या कॅनला दोर बांधून तोही बांधावर ठेवला. मग खड्डे खोदायला ती स्वतःच कुदळ घेऊन उभी राहिली. सून खड्डे खोदते हे गावाने बघितल्यावर भावाला लाज वाटली असावी. शाळा सुरू व्हायच्या आत जाळी लागली आणि फाटकाला कुलूप बसलं. किल्ली भावजयीकडे असते. भावालाही मागून घ्यावी लागते.

त्याने ग्रुपवर कुंपणाचा फोटो टाकला. त्याला एकही अंगठा आला नाही. व्हिडिओवर ज्यांनी रांग लावली होती त्यातल्या कोणालाही जाळी आणि फाटक बघण्यात रस नव्हता. मी एकटीने अंगठा दिला, आणि तोही चडफडतच.

पुढच्या उन्हाळ्यात भाची पुन्हा आली, आणि या वेळी तिच्यासोबत भावजयही आली. बायकांच्या तुकडीत नाव घालायचं म्हणाली. तिला पाण्याची भयंकर भीती होती. तिनेच मला नंतर सांगितलं की त्या दिवशी दोर ओढा म्हणून ओरडली, तेव्हा तिला सगळ्यात जास्त राग स्वतःचा आला होता, कारण दोर नसता तर ती बांधावर नुसती उभी राहिली असती.

ती वाईट विद्यार्थिनी आहे, हे मला कबूल करावंच लागेल. भिंत सोडत नाही. तोंड पाण्यात घाल म्हटलं की आधी केसांची काळजी करते. मी काही सांगायला लागले की मधेच घरची गोष्ट काढते, बाबांच्या गुडघ्याची, शेजाऱ्याच्या तळ्याची. त्या शेजाऱ्याला अजून कुंपण नाही. माझा भाऊ आता रोज त्याला सांगायला जातो आणि चिडून परत येतो, हे तिने मला बुडबुडे काढायच्या वेळेत सविस्तर सांगितलं.

"आता बोलणं बंद कर आणि उताणी हो," मी म्हणाले.

"तुमी धरसाल ना?"

"धरते."

मी तिच्या मानेखाली एक हात ठेवला, पाठीखाली एक. तिने डोळे गच्च मिटले. अंग लाकडासारखं ताठ. मी रोजच्यासारखं सांगत राहिले, मान सैल सोड, पोट वर घे, श्वास घे, पोट वर घे म्हटलं ना. आठवडाभर हेच चाललं होतं आणि आठवडाभर ती बुडून, खोकत, माझा खांदा ओरबाडत उठत होती. त्या दिवशी मात्र तिचं पोट वर आलं. मी पाठीखालचा हात काढला, मग मानेखालचा. भाची पलीकडच्या भिंतीशी उभी राहून बघत होती आणि तिने तोंडावर हात दाबून धरला होता.

ती तरंगत होती. तिला ते माहीत नव्हतं. डोळे मिटलेलेच होते आणि ती मला सांगत होती की घरी परत गेल्यावर फाटकाच्या कुलुपाला तेल द्यायचं आहे, गंजून राहिलं.